निकाल ठरलेलाच असतो

टीव्हीवर प्रो-रेसलिंग बघणाऱ्याला रिंगचा आवाज कधी कळत नाही. पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. खाली सगळं पोकळ. शंभर किलोचा माणूस त्यावर पाठीवर आदळला, की छोट्या हॉलमध्ये जो धडाका उठतो, तो कानांआधी बरगड्यांना कळतो. ‘हे सगळं नाटक आहे’ असं ज्यांना वाटतं (आणि ते आहेच), त्यांनी एकदा दुसऱ्या रांगेत बसून तो आवाज ऐकावा. नाटक आहे, पण पडणं खरं आहे.

मी मूळची कुडाळची. लग्नानंतर लंडनच्या पूर्व भागात आले ती इथलीच झाले. कुस्तीशी माझा संबंध म्हणजे नव्वदच्या दशकात भावाने जमवलेली डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्ड्स आणि ‘नुरा कुस्ती बघत बसलायत’ असं म्हणून टीव्ही बंद करणारे आजोबा. आमच्या शेजारचा विशीतला मुलगा एका कुस्तीच्या शाळेत जायला लागला आणि एका शनिवारी दारावर तिकिटं विकायला आला. नाही म्हणवलं नाही, म्हणून गेले. चर्चमागचा एक हॉल, घडीच्या खुर्च्या, जेमतेम दीडशे माणसं. तिकीट तपासणारा, खुर्च्या मांडणारा आणि शेवटी रिंगच्या फळ्या ट्रकमध्ये चढवणारा, सगळीकडे हाच मुलगा. त्या रात्री त्याला कुस्ती मिळालीच नाही. या धंद्यात उमेदवारी अशीच असते: आधी रिंग लावायची, मग कधीतरी रिंगमध्ये उतरायचं.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगो, ता सगळा खोटा आसता मां?’ मी म्हटलं, ‘मगे जत्रेत कंस खरोच मरता काय?’ त्यावर ती हसली, पण मी मात्र त्या उत्तराशी अडकले. कारण आमच्या सिंधुदुर्गातला दशावतार नेमका असाच चालतो. लिहिलेली संहिता नसते. रंगायला बसलेल्या नटांना आख्यान सांगितलं जातं, कोण राजपार्ट, कोण स्त्रीपार्ट हे ठरतं, प्रवेश कुठल्या क्रमाने हे ठरतं. संवाद मात्र उभ्या उभ्या, समोरच्या नटाच्या तोंडाकडे आणि गावाच्या नूराकडे बघत रचायचे. शेवट पारावर बसलेल्या पोरालाही ठाऊक असतो. तरी माणसं पहाटेपर्यंत कांबळं पांघरून बसतात, कारण शेवटापर्यंत कसं नेतात ते बघायचं असतं.

रिंगमध्येही ठरलेला असतो तो शेवट. त्याला फिनिश म्हणतात. कोण जिंकणार आणि कुठल्या डावाने, हे प्रमोटर किंवा त्याचा बुकर सांगतो. मधलं बरंचसं दोघे पैलवान आधी मागच्या खोलीत आणि मग प्रत्यक्ष मानगूट धरलेल्या अवस्थेत एकमेकांच्या कानात पुटपुटत जमवतात. घडण साधारण अशी: सुरुवातीला नायक, म्हणजे बेबीफेस, चमकतो. मग खलनायक, म्हणजे हील, काहीतरी लबाडी करून त्याला खाली घालतो आणि बराच वेळ पिळून काढतो. प्रेक्षक उसळायला लागले की नायक परत उठतो. दोन-तीनदा ‘संपली’ असं वाटायला लावून मग खरंच संपवतात. यात हीलचं काम जास्त अवघड, हे मला खूप उशिरा उमगलं. लय त्याच्या हातात असते. कधी थांबायचं, कधी पहिल्या रांगेतल्या आजीबाईशी भांडायला जायचं, कधी नायकाला श्वास घेऊ द्यायचा, हे सगळं तो ठरवतो.

आणि रेफ्री! टीव्हीवर तो बावळट दिसतो. नेमकी लबाडी होते तेव्हा त्याची पाठ वळलेली असते. प्रत्यक्षात तो त्या दोघांचा टपालवाला असतो. किती मिनिटं उरली, पुढचा डाव आवरता घ्या, असले निरोप तो खांदा तपासायच्या निमित्ताने पोचवतो. एखाद्याला खरोखर लागलं, तर तो डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो. ही खूण मी एकदाच पाहिली. क्षणापूर्वी हीलच्या नावाने बोंबलणारा हॉल चिडीचूप झाला आणि ज्याच्या हातून लागलं होतं तो दुष्ट माणूस कोपऱ्यात गुडघ्यावर बसून राहिला.

पडण्याचीही तालीम असते. शाळेत पहिले काही आठवडे पडणंच शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, पाठ सपाट आणि दोन्ही हात एकाच वेळी कॅनव्हासवर आपटायचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. याला बंप म्हणतात. उघड्या छातीवर मारलेल्या तळहाताच्या फटक्याला, म्हणजे चॉपला, मात्र काहीच युक्ती नाही. तो लागतोच. शेजारच्या मुलाच्या छातीवर बोटांचे वळ बघून त्याच्या आईने मला जो काही जाब विचारला, जणू मीच मारलं होतं!

इंग्लंडला ही कला नवी नाही, आणि तिच्या उगमाजवळ आपलाच एक माणूस उभा आहे. 1910 साली गामा पैलवान लंडनला आला. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेत नव्हते, तेव्हा त्याने उघड आव्हान दिलं. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्याने लोळवलं आणि 10 सप्टेंबरला शेफर्ड्स बुशच्या स्टेडियममध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी तो भिडला. झिबिस्को जमिनीला जो चिकटला तो सुमारे अडीच तास उठला नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. पराक्रम म्हणून ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण तिकीट काढून बसलेल्या लंडनकरांचा विचार करा! अडीच तास एक माणूस दुसऱ्याच्या पाठीवर. खऱ्या कुस्तीचं हे दुखणं धंदेवाल्यांना ठाऊक होतं, म्हणून निकाल आधी ठरवून कुस्ती रंजक करण्याकडे सगळ्या पाश्चात्त्य जगाचा कल गेला. आपल्याकडेही पन्नास-साठच्या दशकांत दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना झुंबड उडे ती याच ओढीने.

ब्रिटनमध्ये 1930च्या सुमारास ‘ऑल-इन’ नावाने हा प्रकार आला आणि इतका रासवट झाला, की दुसऱ्या महायुद्धानंतर लॉर्ड माउंटेव्हन्स यांच्या नावाने नियमावली करून त्याला सभ्य करावं लागलं. ठरावीक वेळाच्या फेऱ्या, तीनपैकी दोनदा चीत, आगळीक केली तर जाहीर ताकीद. 1955पासून आयटीव्हीवर कुस्ती दिसू लागली आणि पुढे शनिवारी दुपारी चारला घराघरांत लागू लागली. बिग डॅडी आणि जायंट हेस्टॅक्स हे दोन अवाढव्य देह म्हणजे त्या काळातली घरगुती नावं. (माझ्या इंग्रज सासूबाईंना आजही हेस्टॅक्सचं नाव काढलं की राग येतो.) 1988च्या शेवटी वाहिनीने कुस्ती बंद केली. त्यानंतरची वीसेक वर्षं ती समुद्रकाठच्या नाट्यगृहांत आणि बटलिन्सच्या हॉलिडे कॅम्पांत, सुट्टीवर आलेल्या पोराबाळांसमोर कशीबशी टिकली. नॉरिचच्या एका कुस्तीगीर कुटुंबाने याच काळात आपली छोटी कंपनी चालवली. त्यांचीच मुलगी पेज या नावाने 2014 साली डब्ल्यूडब्ल्यूईची विजेती झाली, आणि त्यावर 2019 साली ‘फायटिंग विथ माय फॅमिली’ हा सिनेमा आला.

मी या जगात शिरले ते नव्या लाटेच्या काळात. ग्लासगोत आयसीडब्ल्यू ही कुस्ती कंपनी 2006पासून होतीच. मार्च 2012मध्ये जिम स्मॉलमन हा स्टँडअप विनोदवीर आणि विनोदी कलाकारांचं काम बघणारा जॉन ब्रायली यांनी इस्लिंग्टनमध्ये ‘प्रोग्रेस’ या आपल्या कंपनीचा पहिला प्रयोग केला. पुढे ते कॅम्डनच्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये गेले. रविवारची दुपार, सातशेच्या आसपास माणसं, फुटबॉलच्या मैदानावरून उचलून त्यात पैलवानांची नावं घातलेली गाणी. बेथनल ग्रीनला 1929 साली बांधलेला यॉर्क हॉल आहे. मुष्टियुद्धाची ही जुनी पंढरी, खाली स्नानगृहं, वर गॅलरी. तिथे ‘रेव्हप्रो’ ही कंपनी जपानी पैलवानांना आणते. आणि तिथून जवळच रेल्वेच्या कमानीखाली रेझिस्टन्स गॅलरी नावाची अंधारी गुहा, जिथे ‘ईव्ह’ या केवळ बायकांच्या कंपनीचे प्रयोग व्हायचे. लंडनमध्ये कित्येक दशकं बायकांच्या कुस्तीला बंदी होती, ही गोष्ट तिथल्या बाया प्रत्येक फटक्यात वसूल करत असाव्यात असं मला वाटे.

त्याच कमानीखालच्या कुस्तीच्या शाळेत विल ऑस्प्रे शिकला. दोरावरून उडी मारून हवेत दोन गिरक्या घेणारा हा एसेक्सचा पोरगा 2023 साली वेम्बली स्टेडियममध्ये क्रिस जेरिकोला हरवताना दिसला. ‘ऑल इन’ नावाच्या त्या प्रयोगाला भरवणाऱ्या कंपनीच्या आकड्याप्रमाणे 81,035 माणसं होती. पण माझा जीव झॅक सेबर ज्युनियरवर. शिडशिडीत अंग आणि मनगट पिरगळून माणसाची गाठ मारण्याची जुनी ब्रिटिश पद्धत. एक पकड घ्यायची, समोरच्याने कोलांटी मारून सुटायचं, तोवर याने दुसरी घेतलेली. 2024मध्ये तो जपानचा सर्वोच्च आयडब्ल्यूजीपी किताब जिंकला. आजोबांनी त्याला बघितलं असतं, तर टीव्ही बंद केला नसता.

यश आलं की मोठे मासे येतात. जानेवारी 2017मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये ब्रिटिश किताबाची स्पर्धा भरवली आणि 19 वर्षांचा टायलर बेट ती जिंकला. लवकरच उत्तमोत्तम मुलं करारात बांधली गेली. त्यांना पगार मिळाला याचा आनंदच होता, पण छोट्या हॉलमधली नावं एकेक करून कमी झाली. प्रोग्रेसने 2018 साली वेम्बली अरीनात प्रयोग केला. मी वरच्या बाजूला बसले होते. कुस्त्या छान झाल्या. पण खालचा आवाज वर येईपर्यंत त्यातला जीव गेलेला असे, आणि माझी शिवी तर खाली पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

मग जून 2020. कुस्ती क्षेत्रातल्या अनेक मुलींनी आणि काही मुलांनी ‘स्पीकिंग आउट’ या नावाखाली आपल्यावरच्या अत्याचारांबद्दल जाहीरपणे लिहिलं. कोणी शाळेतल्या शिक्षकांबद्दल, कोणी मोठ्या नावांबद्दल. ज्यांच्या नावाने आम्ही गाणी म्हटली होती, त्यांतलीही काही नावं त्यात निघाली. काही टी-शर्ट मी तेव्हा कचऱ्यात टाकले. ब्रिटिश संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने 2021 साली अहवाल दिला. त्यात या धंद्याचं मूळ दुखणं नीट मांडलं आहे: खेळवाले म्हणतात हे नाटक, नाटकवाले म्हणतात हा खेळ, त्यामुळे शाळांवर देखरेख कोणाचीच नाही. शाळांना खेळाचे नियम लावा आणि प्रयोगांना रंगभूमीचे, अशी त्यांची शिफारस होती. आता बऱ्याच ठिकाणी मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी घेणारा माणूस नेमलेला दिसतो. पुरेसं आहे का? माझ्या मते नाही. कुठल्याही शाळेत पोराला घालण्याआधी तिथे कोणाच्या हातात काय अधिकार आहेत, हे आईबापांनी जाऊन विचारावं.

तरी मी जाते. मोठ्या हॉलांपेक्षा आता छोटेच जास्त आवडतात. तिथल्या पैलवानांपैकी बहुतेकांची दिवसा नोकरी असते. कोणी गोदामात, कोणी शाळेत. मानधन इतकं बेताचं, की खरी कमाई मध्यंतरात टेबल मांडून विकलेल्या टी-शर्टांवर आणि फोटोंवर. पाच मिनिटांपूर्वी ज्याला मी घसा फोडून शिव्या घातल्या, तोच टेबलामागे बसून घाम पुसत ‘साइझ कुठला देऊ?’ असं अदबीने विचारतो. शेजारचा मुलगा आता हील झाला आहे. काळा गॉगल, केसांना जेल, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थाचा चहा मुद्दाम सांडण्याची सवय. ते गृहस्थ दर महिन्याला त्यासाठीच पहिल्या रांगेत चहा घेऊन बसतात.

लंडनला आलात आणि जायचं मनात आलं, तर आधी एखाद्या वस्तीतल्या हॉलचं तिकीट काढा. यॉर्क हॉल नंतर. रोख पैसे जवळ ठेवा, टेबलावर कामाला येतात. पोरं बरोबर न्यायची असतील, तर प्रयोग सगळ्या कुटुंबासाठी आहे की अठरा वर्षांवरच्यांसाठी, हे आधी बघा, कारण काही ठिकाणची भाषा कानात बोळे घालण्यासारखी असते. पहिल्या रांगेचा मोह टाळा, दुसरी चांगली. पहिल्या रांगेत बसलातच, तर पिशवी पायाशी ठेवू नका आणि ‘उठा’ अशी हाक आली की विचार न करता उठा. माणूस खरोखर तुमच्या खुर्चीवर येणार असतो.