गुंठ्यातलं बीजगणित

(अ + ब)² = अ² + २अब + ब² हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ करायचं, असा मुलांचा पक्का समज. पलूसच्या शिवारात तो टिकत नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. ही बाजू ३० आणि ३ अशी तोडून कागदावर रेघा मारा: ९००चा मोठा चौरस, ९चा चिमुकला आणि ९०-९०चे दोन आयत, एकूण १,०८९ चौरस फूट. मुलं सूत्रात नेमके हे दोन आयतच गाळतात. चित्रात मात्र तेवढी जमीन उघडी पडलेली दिसते, आणि जमीन सोडायला इथे कोण तयार होईल!

मोबाइल असताना हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण मोबाइल विचाराल तेवढंच सांगतो. द्राक्षबागेत दोन ओळींत ९ आणि दोन वेलींत ५ फूट अंतर ठेवलं, तर एकरी ४३,५६० ÷ ४५ म्हणजे ९६८ वेली. दोन्ही अंतरं दुप्पट केली तर वेली निम्म्या नव्हे, पाव उरतात. अंतरांच्या जागी क्ष आणि य मांडले की हे आकडेमोडीआधीच कळतं. सगळी मुलं शेती करणार नाहीत, हे खरं; पण हेच सूत्र फरशीला आणि पत्र्यालाही चालतं. राहिला चौरस आखायला लागणारा काटकोन. ३, ४ आणि ५ फुटांच्या बाजू होतील अशा गाठी मारून दोरीचा त्रिकोण ताणा. ५ फुटी बाजूसमोरचा कोन काटकोनच येतो. येत्या रविवारी मुलांकडून करून घ्या.