पीयूसीचा आकडा काय सांगतो?

कंदिलाची वात प्रमाणाबाहेर वर केली की काच काजळते. तेल जास्त, हवा कमी. त्यामुळे सगळा कार्बन जळत नाही. मुदखेड-नांदेड रस्त्यावर धावणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनातही असेच घडू शकते. पीयूसी चाचणीत वाहन नापास झाले, तर दोष बहुधा अशा अपुऱ्या ज्वलनात असतो.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एअर फिल्टर धुळीने चोंदला किंवा कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त आले, की हवा तोकडी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. स्पार्क प्लग खराब असेल तर मिश्रण अधूनमधून पेटतच नाही. मग न जळलेले पेट्रोल हायड्रोकार्बनच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे पहिला आकडा चढला तर हवा-इंधनाचे प्रमाण तपासावे; फक्त दुसरा चढला तर आधी ठिणगी पाहावी. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या, पण बीएस-४ पूर्वीच्या चार-स्ट्रोक दुचाकीसाठी मर्यादा अनुक्रमे ३.५ टक्के आणि दशलक्षात ४,५०० भाग अशी आहे.

डिझेल वाहनात धुराची अपारदर्शकता मोजतात. इंजेक्टर गळत असेल किंवा हवा कमी पडत असेल तर काळा धूर येतो. निळसर धूर दिसला तर झिजलेल्या पिस्टन रिंगांवरून ऑइल वर येऊन जळत आहे असे समजावे.

काही जण चाचणीपुरता स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करतात. कार्बन मोनॉक्साइड उतरतो. पण मिश्रण फारच विरळ झाले तर ते नीट पेटत नाही आणि हायड्रोकार्बन वाढतात. शिवाय ही तपासणी उभ्या वाहनाची असते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तिच्यात मोजली जात नाहीत. म्हणून प्रमाणपत्र मिळाले एवढ्यावर इंजिन निर्दोष ठरत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत गाडी चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, हे मुलांना जरूर सांगावे.

ज्वलनाचा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांना घरच्या गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र पाहून त्यावरील आकडे वहीत उतरवायला सांगावे. पुढच्या तपासणीचे आकडेही त्याशेजारी लिहावेत. फरक पडला तर कारण शोधताना रसायनशास्त्र आपोआप शिकले जाईल.