पोराला चालते, पोरीला का नाही? आंतरजातीय लग्नाबाबत कायदा काय सांगतो

नाशिक : शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही, ही आता कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यात घरोघरची तक्रार झाली आहे. तिशी उलटली की मध्यस्थ गाठून परजिल्ह्यातली, कधी परराज्यातली मुलगी आणतात. तिची जात फार कोणी खोदून विचारत नाही. त्याच घरातल्या मुलीने मात्र दुसऱ्या जातीच्या मुलाचे नाव काढले, की आधी मोबाईल जातो, मग कॉलेज बंद होते आणि महिनाभरात घाईघाईने सोयरीक. घर तेच, जात तीच, पण इज्जतीचं ओझं पोरीच्याच डोक्यावर. बायोडाट्यातही मुलीचा रंग 'गोरा' नाहीतर 'गव्हाळ' लिहावा लागतो. मुलाचे एकर आणि पगार बघतात.

हे कुठवर जातं ते नाशिकने पाहिलं आहे. जून २०१३ मध्ये एका बापाने आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा गळा आवळून खून केला. त्यानंतर अंनिसने नाशिकमधूनच जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केलं. पुढे राज्याने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नकार्याला, अंत्यविधीला येऊ न देणं हाही बहिष्कारच.

मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असेल तर आईवडिलांची संमती कायद्याने लागत नाही. ग्रामसभेने ठराव केला तरी त्याने कायदा बदलत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावतात, ३० दिवस हरकतीची मुदत असते आणि लग्नाला ३ साक्षीदार लागतात. गावात बातमी फुटते ती बहुतेक वेळा या नोटिशीवरून. जात वेगळी आहे, एवढी हरकत मात्र चालत नाही. दोघे हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्याने लग्न करून नोंदणी करता येते, तिथे ही ३० दिवसांची नोटीस नाही.

धमकी आली तर ११२ वर फोन करावा, पोलिसांकडे लेखी संरक्षण मागावं. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये दिला आहे. दोघांपैकी एकजण मागासवर्गीय असेल तर अटींनुसार ५० हजारांचं शासकीय अर्थसहाय्यही मिळतं. त्यासाठी विवाह नोंदणीचा आणि जातीचा दाखला घेऊन जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करावी.