शेणाचा हिशेब : नेदरलँड्सची चाळीस वर्षे

नेदरलँड्समधील पशुपालनाला पर्यावरणापोटी पहिला मोठा लगाम बसला तो १९८४ च्या अखेरीस. डुकरांची आणि कोंबड्यांची नवी फार्म काढण्यावर व जुनी वाढवण्यावर सरकारने तातडीच्या कायद्याने निर्बंध घातले. युद्धकाळातील उपासमार सोसलेल्या या देशाने नंतर भरपूर आणि स्वस्त अन्नाचा ध्यास घेतला होता. कृषिमंत्री सिको मान्सहोल्ट त्या धोरणाचे शिल्पकार. रॉटरडॅम बंदरात परदेशी पशुखाद्य उतरू लागले, तशी ब्राबांट, लिम्बर्गच्या रेताड जमिनींवर डुकरांची आणि कोंबड्यांची संख्या वाढत गेली. खाद्य बाहेरून येई, मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेर जात. शेण मात्र तिथेच साचे.

शेण-मुताच्या स्लरीतले नायट्रेट भूजलात झिरपले. अमोनिया हवेत मिसळून रानावर, माळावर उतरला. नत्र मिळताच गवत माजले, हीथरची झुडपे दबली. माती आम्लधर्मी होऊन तिच्यातले कॅल्शियम निघून गेले. वेलूव्हच्या जंगलात तर गोगलगायी घटल्या आणि त्यांच्या शंखांतून कॅल्शियम मिळवणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली.

नव्वदच्या दशकात स्लरी शेतावर फवारण्याऐवजी जमिनीत चिरा पाडून सोडणे सक्तीचे झाले, साठवण टाक्यांवर झाकणे आली. अमोनियाचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. हे यश मोठे आहे. आजच्या वादात ते विसरले जाते, हा शेतकऱ्यांवर अन्याय आहे. १९९८ पासून फार्मवर खाद्य-खतांतून किती नत्र व स्फुरद आले आणि दूध-मांसातून किती बाहेर गेले याचा ताळेबंद ठेवणे सुरू झाले. शिलकीवर दंड बसे. पद्धत शहाणी होती, कारण ती शेतकऱ्याला खाद्यापासूनच विचार करायला लावी. पण युरोपीय नियमाला हेक्टरी १७० किलो शेणनत्राची थेट मर्यादा हवी होती. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही पद्धत अपुरी ठरवली आणि २००६ मध्ये ती गेली.

पुढची चूक अधिक महागात पडली. एप्रिल २०१५ मध्ये युरोपातील दूध कोटा संपला, गाई वाढल्या, स्फुरदाची राष्ट्रीय मर्यादा ओलांडली गेली. ती सावरायला २०१८ मध्ये स्फुरद-हक्क, म्हणजे गाई पाळण्यासाठी लागणारे परवाने, आणावे लागले. त्याच २०१५ मध्ये आलेली नत्र योजना पुढे होणाऱ्या घटीच्या भरवशावर आजच नवे परवाने देत होती. २९ मे २०१९ रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द केली. फार्मच नव्हे, रस्ते-घरांची कामेही अडली. ऑक्टोबरमध्ये संतप्त शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेगमध्ये धडकले. २०२२ च्या नत्रकपात आराखड्यानंतर आंदोलन पुन्हा पेटले आणि मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकरी-नागरिक चळवळ हा नवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला.

न्यायालयाने नाकारला तो कागदावरचा भरवसा. जनावरांची संख्या घटवण्याचा प्रश्न चाळीस वर्षे पुढे ढकलला गेला होता. मे २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने सुमारे १४७ कोटी युरोंच्या ऐच्छिक खरेदी योजनांना मान्यता दिली. संवेदनशील निसर्गक्षेत्रांवर नत्राचा भार टाकणारी फार्म त्यातून मोबदला घेऊन कायमची बंद होतात. तोच व्यवसाय युरोपीय संघात अन्यत्र सुरू करण्यास मालकाला मनाई असते.