टाकीतलं पाणी हेच त्याचं शरीर

काही नावं गोड असतात आणि म्हणूनच फसवी असतात. इंग्रजीत ज्याला 'सी ॲनिमोन' म्हणतात, त्याला मराठीत समुद्रपुष्प असं सुरेख नाव आहे. कवी म्हणून मला ते आवडतं; पण घरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारा माणूस म्हणून मी त्या नावापासून जरा सावध असतो. फूल म्हटलं की आपण ते आणतो, मांडून ठेवतो आणि कोमेजलं की टाकून देतो. समुद्रपुष्प हा प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या नात्यातला.

माझ्याकडची टाकी पाहायला येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला, तेव्हापासून नारिंगी-पांढरा विदूषक मासा आणि त्याचं ते झुलणारं घर मुलांच्या चांगलंच ओळखीचं झालं आहे. "मासा तर आणला, आता त्याला घर आणायला नको का?" मी सांगतो, थांबा. समुद्रात त्या माशाला शत्रूंपासून आसरा लागतो. टाकीत शत्रूच नसेल, तर तो समुद्रपुष्पाशिवायही सुखानं जगतो. माशाची गरज म्हणून समुद्रपुष्प आणू नये. त्याचं स्वतःचं करण्याची तयारी असेल, तरच आणावं.

हे 'करणं' म्हणजे काय, हे समजायला त्याचं शरीर समजून घ्यावं लागतं. समुद्रपुष्पाला मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही, कल्ले नाहीत. एक पोकळ पिशवी, खाली चिकटून राहणारा पाय, वर तोंड आणि तोंडाभोवती दंश करणारे संस्पर्शक. अन्न त्याच तोंडातून आत जातं आणि उरलेलं त्याच वाटेनं बाहेर येतं. पिशवीत पाणी भरून घेतलं की ते ताठ उभं राहतं. प्राणवायूही ते पाण्यातून कातडीवाटेच घेतं. म्हणजे टाकीतलं पाणी हेच जवळजवळ त्याचं शरीर. पाणी बिघडलं तर मासा काही काळ तग धरेल. समुद्रपुष्पाला आडोसाच नाही. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

पहिला नियम, नव्या टाकीत ते सोडायचं नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जीवाणू दगडांवर आणि वाळूत रुजायला काही आठवडे लागतात आणि टाकी खऱ्या अर्थानं स्थिरावायला त्याहून पुष्कळ जास्त. निदान सहा महिने थांबावं. वर्षभर थांबलात तर उत्तम. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं.

दुसरा नियम मिठाचा. प्रवाळांच्या समुद्रात एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणानं हे घरी मोजता येतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी भराभर आटतं. पाणी उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून आटलेल्या पाण्याची भर घालताना आरओचं साधं पाणी घालावं. खारं घातलं तर खारटपणा चढत जातो. ही भर रोज थोडी थोडी घालावी, आठवड्यानं एकदम बादलीभर नको. शिवाय आठवड्याला दहा टक्के पाणी काढून तेवढंच तयार खारं पाणी घालावं. शहराजवळच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणू नये. पावसाळ्यात ते पातळ आणि गढूळ होतं, सांडपाण्याची भीती तर बाराही महिने.

तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावं. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला तरी काही अंशांचा फरक पडतो. वीज गेली की पाणी हलायचं थांबतं आणि प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

आता प्रकाश. विदूषक माशांना आसरा देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणून प्रवाळांच्या टाकीसाठी असतात तसे प्रखर दिवे हवेत. दुकानात कधी मोत्यासारखं पांढरंशुभ्र समुद्रपुष्प दिसतं आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळतं. पुष्कळदा तो पांढरा रंग म्हणजे शैवाल निघून गेल्याची खूण असते. तो प्राणी उपाशी असतो. भडक पिवळी किंवा गुलाबी काही वेळा चक्क रंगवलेली असतात. सुरुवातीला फुगीर टोकांचं, 'बबल टिप' म्हणून ओळखलं जाणारं समुद्रपुष्प घ्यावं. त्यातल्या त्यात ते सोशीक. संस्पर्शक चिकट, तोंड घट्ट मिटलेलं, पाय कुठे फाटलेला नाही, एवढं पाहून घ्यावं.

घरी आणल्यावर ते चालतं! जागा पसंत नसेल तर पाय सरकवत हवा तसा प्रवाह आणि उजेड शोधतं. आपण जागा ठरवायला जाऊ नये. ओढून काढताना पाय फाटतो. फिरता फिरता ते पंपात ओढलं जाऊ शकतं, म्हणून पंपाच्या तोंडावर आधीच स्पंज किंवा जाळी बसवावी. खायला आठवड्यातून एकदोनदा कच्च्या कोलंबीचा नखाएवढा तुकडा पुरे. मोठा तुकडा दिला तर ते ओकून टाकतं आणि तो पाण्यात कुजतो. माशांच्या आजारावर तांबं असलेलं औषध देतात. ते या टाकीत कधीही घालू नये.

कधीमधी ते आक्रसून मुठीएवढं होतं आणि तपकिरी घाण बाहेर टाकतं. घाबरू नये, काही तासांत पुन्हा फुलतं. पण तोंड वासलेलं, पाय सुटलेला, अंग लिबलिबीत आणि पाण्याला दुर्गंधी असेल तर ते गेलं असं समजून ताबडतोब काढावं. नाहीतर बाकीची टाकीही जाते.

एक गोष्ट कायद्याची. प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तेव्हा टाकीतले खडक कृत्रिमच असावेत. समुद्रपुष्पही शक्यतो दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेलं घ्यावं. बबल टिप दुभंगून एकाची दोन होतात, त्यामुळे हे शक्य असतं. हौसेनं किनारे कसे ओस पडतात याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या 'द ॲक्वेरियम' या पुस्तकानं लोकांना समुद्रजीवांचं वेड लावलं. संग्राहकांच्या झुंडींनी खडकांमधली डबकी कशी उजाड केली, ते त्यांच्याच मुलानं, एडमंड गॉस यांनी, १९०७ मध्ये खेदानं लिहून ठेवलं.

दुसरा दाखला मात्र उमेद देणारा आहे. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकानं १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवलं. ते थंड समुद्रातलं, भरती-ओहोटी सोसणारं, आपल्या टाकीतल्यांपेक्षा काटक. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. समुद्रपुष्प एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं, त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, असं नाव पडलं आणि ते १८८७ पर्यंत जगलं. जवळजवळ साठ वर्षं! ना पंप, ना विजेचा दिवा. कुणीतरी न चुकता समुद्राचं पाणी बदलत राहिलं, एवढंच.

म्हणून मी टाकीजवळ एक वही ठेवतो. तारीख, खारटपणा, तापमान. पहिल्या पानावर शेजाऱ्यांसाठी सूचना आहेत : रोज किती पाणी घालायचं, वीज गेली तर काय करायचं. समुद्रपुष्प आणण्याआधी ते पान लिहून पाहा. आणि आपण गावाला गेल्यावर ते कोण वाचणार, त्याचं नावही तिथेच लिहा.