शिंद्यांच्या उज्जैनातून क्षिप्रेकडे

सुटीत उज्जैनला येणारा मराठी प्रवासी बहुधा फ्रीगंजात उतरतो, महाकालाच्या भस्मारतीची नोंदणी मिळते का ते पाहतो आणि दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वराची गाडी धरतो. एखादी संध्याकाळ मोकळी असेल, तर फ्रीगंजातून क्षिप्रा नदीपर्यंत पायी जावं. वाटेवरची दोन मोठी देवळं मराठी माणसांनी उभारलेली आहेत.

फ्रीगंज म्हणजे माधवनगर, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाची वसाहत. सरळ आखीव रस्ते, मध्ये टॉवर चौक. रेल्वेपूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं की रस्ते अरुंद होतात आणि छत्री चौकात गोपाळ मंदिराचं शिखर दिसू लागतं.

हे मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतरावांची पत्नी. दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबार उठून गेलेल्या गावात या बाईंनी द्वारकाधीशासाठी संगमरवरी शिखराचं देऊळ बांधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याची चांदीची दारं मूळची सोमनाथाची आणि ती महादजींनी परत आणली, असं इथे सांगतात. ती लोकश्रद्धा म्हणूनच ऐकावी.

पटनी बाजार, गुदरी करत आपण महाकालाशी येतो. जुनं मंदिर इल्तुतमिशाने १२३४-३५ च्या स्वारीत पाडलं. सुमारे पाचशे वर्षांनी, अठराव्या शतकात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी आजचं मंदिर बांधवलं. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘महाकाल लोक’ या मंदिराच्या परिसरात छायाचित्रांसाठी झुंबड असते. सुखटणकरांचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे हरसिद्धीच्या अंगणात दोन उंच दीपमाळा आहेत. जेजुरी पाहिलेल्याला त्या लगेच ओळखीच्या वाटतात. सांजवेळी माणसं त्यांवर सरसर चढून शेकडो दिवे लावतात.

तिथून उतरलं की रामघाट, पलीकडे दत्त आखाडा. आरती सुरू होते, पायऱ्या भरतात. पण आरतीच्या उजेडात नदीची अवस्था झाकू नये. इंदूरचं सांडपाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत येत आलं आहे आणि २०१४ पासून नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेत सोडावं लागतं. २०२८ च्या सिंहस्थाआधी घाटांवर खर्च होईलच. त्याहून अधिक निकड पाण्याची आहे.

महाकाल आणि गोपाळ मंदिर या दोन देवळांचं नातं पाहायचं असेल, तर वैकुंठ चतुर्दशीला या. दिवाळीनंतर साधारण पंधरवड्याने, मध्यरात्री, महाकालाची पालखी गोपाळ मंदिरात जाते. महाकालाला तुळस आणि गोपाळकृष्णाला बेल वाहिला जातो. परतीचं तिकीट त्यानंतरचं काढा.