लढून थकलेल्या पेशी

पुण्यात डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं नाव कोविडमध्ये घरोघरी पोचलं. काविळीच्या विषाणूंवर मात्र तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून काम चालू आहे. त्यांतला ‘हेपॅटायटिस सी’ १९८९ साली ओळखला गेला. तो रक्तातून पसरतो आणि यकृतात मुक्काम ठोकतो.

दहांतल्या साधारण तिघांचं शरीर त्याला सहा महिन्यांत हाकलतं. उरलेल्यांची प्रतिकारशक्ती झोपलेली नसते, उलट ती अखंड लढते, आणि गोची तिथेच आहे. विषाणू सतत रूप बदलत असल्यानं प्रतिपिंडं मागे पडतात. संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी पेशींसमोर वर्षानुवर्षं तोच शत्रू राहिला की त्यांच्या पृष्ठभागावर ‘पीडी-१’सारखे ब्रेक वाढतात, पेशी जिवंत असतात, पण मारा मंदावतो. तरी दाह धुमसत राहतो. यकृताचं बरंचसं नुकसान विषाणूपेक्षा या अर्धवट लढाईनंच होतं, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं.

आता बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत आहेत. थकलेल्या टी पेशी मात्र पूर्ण सावरत नाहीत आणि पुन्हा संसर्ग होऊ शकतो. प्रतिपिंडं बरं झाल्यावरही रक्तात राहतात, म्हणून विषाणू खरंच गेला का, हे आरएनए चाचणीच सांगते.